महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक: पात्रता, मानधन, कागदपत्रे आणि अर्ज

आयटीआय झालेल्या वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) मुलांसाठी महाराष्ट्रात सर्वांत मोठी भरती निघते ती महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाची. २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. खालचे आकडे त्याच जाहिरातीचे आहेत. नवी जाहिरात आली की तिच्याशी ताडून पाहा, पण कागदपत्रांची तयारी आजच सुरू करा. परीक्षेत चांगले गुण मिळवूनही कागदपत्र पडताळणीत मुले बाहेर पडतात, आणि ते खरोखर टाळता येण्यासारखे असते.

पात्रता

दहावी उत्तीर्ण आणि एनसीव्हीटीचे (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचे प्रमाणपत्र. राज्याच्या व्यवसाय परीक्षा मंडळाचे याच ट्रेडचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र आणि सेंटर ऑफ एक्सलन्स या आयटीआयमधल्याच योजनेतले इलेक्ट्रिकल सेक्टरही चालले होते. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा एसी-फ्रिजचा ट्रेड चालत नाही. वय १८ ते २७, मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ वर्षांची सवलत.

हातात किती पडते?

पहिली तीन वर्षे कंत्राटी. मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये. यातूनच पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. १५,००० वर १२ टक्के पीएफ धरला तर १,८०० गेले. पुरुषांना व्यवसाय कर महिना २०० रुपये (फेब्रुवारीत ३००). म्हणजे हातात साधारण १३,०००. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. गावापासून लांब नेमणूक मिळाली तर खोलीभाडे, डबा आणि पेट्रोल यातच बसवायचे आहे, हे घरी आधीच बोलून ठेवा. तीन वर्षे काम समाधानकारक राहिले तर तंत्रज्ञ पदावर नियमित श्रेणीत घेतात. या नोकरीचे खरे मोल तिथून पुढे आहे.

परीक्षेचे गणित नीट बघा

१३० प्रश्न, १५० गुण, दोन तास. ट्रेडच्या ५० प्रश्नांना ११० गुण, तर्कक्षमतेच्या ४० प्रश्नांना २०, अंकगणिताच्या २० प्रश्नांना १० आणि मराठीच्या २० प्रश्नांना १०. म्हणजे ट्रेडचा एक प्रश्न २.२ गुणांचा आणि मराठीचा अर्ध्या गुणाचा. ट्रेडचा एक प्रश्न मराठीच्या चार प्रश्नांपेक्षा जड आहे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, त्यामुळे ट्रेडमध्ये चुकलेला एक ठोकताळा ०.५५ गुणांना पडतो. तरीही अनेक मुले महिनोन्‌महिने बुद्धिमत्तेची गाइडे सोडवतात आणि ट्रेड थिअरीचे पुस्तक मिटलेलेच राहते. ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग, थ्री फेज मोटर, केबल, मोजमापाची उपकरणे आणि सुरक्षा आधी पक्के करा.

कागदपत्रे आणि होणाऱ्या चुका

दहावीचे गुणपत्रक व प्रमाणपत्र, आयटीआयची सर्व गुणपत्रके आणि एनटीसी (एनसीव्हीटीचे ट्रेड प्रमाणपत्र), अधिवास प्रमाणपत्र, आधार. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज), इतर मागास वर्ग (इमाव) आणि विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) यांना शिवाय नॉन-क्रिमीलेअर.

सर्वांत जास्त घोळ आयटीआयच्या गुणांचा. ज्यांची बॅच सेमिस्टर पद्धतीची आहे त्यांच्याकडे चार गुणपत्रके असतात, २०१८ पासूनच्या बॅचची वार्षिक. अर्जात एकाच गुणपत्रकाचा आकडा टाकू नका. जाहिरातीत जसे मागितले असेल तशी सर्वांची बेरीज करून भरा. एनटीसीवर ट्रेडचे नाव आणि वडिलांचे नाव दहावीशी जुळते का, हेही आत्ताच पाहा. स्पेलिंग चुकले असेल तर दुरुस्तीसाठी आधी आपल्या आयटीआयमध्येच अर्ज द्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र राज्याच्या भरतीत देऊ नका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत जाहिरातीतल्या तारखेला चालू असली पाहिजे.

अर्ज

महावितरणच्या संकेतस्थळावरच नोंदणी करा. नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर देऊ नका. हॉल तिकिटाचा संदेश त्याच नंबरवर येतो. सही काळ्या पेनने, कॅपिटल अक्षरांत नको. अंगठा डाव्या हाताचा. शुल्क भरल्यावर पावती आणि पूर्ण अर्जाची प्रिंट काढा, पडताळणीला ती लागते.

दुसरी वाट

यात निवड झाली नाही तरी वायरिंगचे काम आहेच. पण दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यापलीकडची मांडणी कायद्याने परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हावी लागते. तिच्यावर पर्यवेक्षक प्रमाणपत्रधारकाची देखरेख लागते आणि हातात हत्यार घेणाऱ्याकडे तारतंत्री परवाना. नवीन मीटर घेताना टेस्ट रिपोर्टवर (वायरिंग तपासल्याचा अहवाल) सही परवानाधारकाचीच चालते. परवाना नसलेल्या मुलाने आख्ख्या घराचे वायरिंग केले, तरी त्या सहीसाठी त्याला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. अप्रेंटिसशिप आयटीआय संपल्याबरोबर करून घ्या. महावितरणच्या भरतीत प्रशिक्षित अप्रेंटिसना समांतर आरक्षण असते, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतल्याच काही जागा त्यांच्यासाठी राखलेल्या असतात.