टेलर, जेम्स
(जन्म : १२ मार्च १९४८). सॉफ्ट रॉक (सौम्य, सुरेल रॉक संगीत) प्रकारातील अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. जन्म बॉस्टनचा, बालपण नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे. लहानपणी ते चेलो हे तंतुवाद्य शिकले, पुढे गिटारकडे वळले. किशोरवयात नैराश्यामुळे त्यांना मनोरुग्णालयात राहावे लागले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला ‘द फ्लाइंग मशीन’ हा बँड निघाला आणि लवकरच मोडला. त्याच काळात हेरॉइनचे व्यसन जडले. १९६८ मध्ये लंडनला बीटल्स या बँडच्या ‘ॲपल’ या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना करारबद्ध केले. पहिला अल्बम मात्र फारसा खपला नाही.

कीर्ती मिळाली ती ‘स्वीट बेबी जेम्स’ (१९७०) या अल्बममुळे. त्यातील ‘फायर अँड रेन’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. गाण्याचे पहिले कडवे आत्महत्या केलेल्या मैत्रिणीविषयी आहे. ही बातमी मित्रांनी त्यांच्यापासून काही काळ लपवून ठेवली होती. पुढची कडवी व्यसनाशी चाललेल्या झगड्याची आणि मोडलेल्या बँडची. त्यातल्या ‘फ्लाइंग मशीन’ (उडते यंत्र) या शब्दांमुळे अनेकांना ते विमान अपघाताचे गाणे वाटत आले आहे. एवढे दुःख सांगताना आवाज कुठेही चढत नाही, आणि म्हणूनच ते खोल जाते. सॉफ्ट रॉकला निव्वळ गोडगोड ठरवणाऱ्यांनी हे गाणे जरूर ऐकावे.

१९७१ मध्ये गायिका-गीतकार कॅरोल किंग यांचे ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ त्यांच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर पोहोचले व त्यांना ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला. गायिका कार्ली सायमन यांच्याशी १९७२ मध्ये झालेला विवाह १९८३ मध्ये संपुष्टात आला. व्यसनाने पोखरलेल्या वर्षांनंतर जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलमधील रिओच्या संगीत महोत्सवात प्रचंड जनसमुदायाने त्यांची गाणी सोबत गायली; तेव्हापासून त्यांना नवी उमेद मिळाली.

त्यांच्या गाण्याचा कणा म्हणजे गिटार. अंगठा जाड तारांवर बासची (खालच्या स्वरांची) ओळ चालवतो, त्याच वेळी इतर बोटे बारीक तारा छेडतात; त्यामुळे एकच गिटार दोन वाद्यांचे काम करते. डी आणि ए हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) धरण्याची त्यांची बोटांची ठेवण रूढ पद्धतीहून उलटी आहे. उजव्या हाताची नखे तुटू नयेत म्हणून ते त्यांवर फायबरग्लास चढवतात. ही सारी रीत त्यांनी चित्रफितींतून विनामूल्य शिकवली आहे.

२००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या रॉक कलावंतांच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. ‘बिफोर धिस वर्ल्ड’ (२०१५) हा अमेरिकेत अव्वल ठरलेला त्यांचा पहिलाच अल्बम. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.