तो शर्ट टाकवत का नाही?

कपाट आवरायला घेतलं की पहिली वीस मिनिटं झपाट्यात जातात. भोकं पडलेले मोजे, आखूड झालेल्या पँटी, भेट मिळालेला आणि एकदाही न घातलेला स्वेटर पटापट बाजूला पडतात. मग हाताला तो शर्ट लागतो. कॉलरच्या घडीवर दोरे सुटलेत, काखेत पिवळट डाग आहेत, तिसरं बटण वेगळ्याच रंगाचं आहे. अंगात घालून तीन वर्षं झाली असतील. हात क्षणभर थबकतो आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत शर्ट पुन्हा घडी होऊन आत जातो.

याला आळस म्हणता येत नाही, निव्वळ हळवेपणाही नाही. त्या क्षणभरात मेंदूत वेगवेगळे हिशेब चालतात आणि जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ‘ठेव’ असंच येतं.

पहिला हिशेब मालकीचा. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या लेखी वाढते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये याला ‘एंडोमेंट इफेक्ट’ असं नाव दिलं. १९९० मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला साधे कॉफीचे मग वाटले आणि ते विकायला किती घ्याल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, विकत घ्यायला किती द्याल? विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग हातात येऊन तर फार वेळही झाला नव्हता. दहा वर्षं अंगावर वागवलेल्या शर्टाचं मग काय सांगावं!

स्पर्शानं यात आणखी भर पडते. जोअन पेक आणि सुझान शू यांनी २००९ मध्ये दाखवलं, की वस्तू नुसती हाताळली तरी ती आपली असल्याची भावना बळावते. म्हणूनच कपडा मांडीवर घेऊन, त्यावरून हात फिरवत निर्णय घ्यायला बसणं ही सगळ्यात वाईट पद्धत. कपडे दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा आणि आपण चार हात लांब उभं राहा. प्रश्नही उलटा विचारा. ‘हा देऊन टाकू का?’ असं विचारलं की मन तोट्याकडे बघतं. ‘हाच शर्ट, याच अवस्थेत, आज दुकानात टांगलेला दिसला तर पैसे मोजून घेईन का?’ असं विचारलं की आपण विकणाऱ्याच्या बाजूनं उठून घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

दुसरा हिशेब बुडालेल्या पैशांचा. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या १९८५ च्या प्रयोगात नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीला, तर काहींना सवलतीत मिळाली. सवलत कुणाला द्यायची हे कुठल्याही निवडीशिवाय ठरलं होतं. तरी पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकं पाहिली. पुढच्या अर्ध्यात हा फरक फारसा उरला नाही. खर्चाची बोच काळानं बोथट होते, असा त्याचा अर्थ लावता येतो आणि कपाटापाशी तो उपयोगी पडतो. महागाचा पण चुकलेला कपडा आजच देववत नसेल तर खोक्यात घाला, खोकं चिकटपट्टीनं बंद करा, वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. आत काय आहे ते मात्र लिहू नका. तारीख येईपर्यंत एकदाही खोकं उघडावं लागलं नाही, तर निर्णय बराच सोपा होतो.

खरी अडचण तिसऱ्या हिशेबात आहे. रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडलं, की आपल्या वस्तू या आपल्या ‘स्व’चाच विस्तार असतात. कपडा तर कातडीला लागूनच असतो. पहिल्या नोकरीचा शर्ट देणं म्हणजे तेव्हाच्या स्वतःला निरोप देणं वाटतं. गेलेल्या माणसाच्या कपड्यांबाबत तर गंधही आड येतो. बाकीच्या संवेदना थॅलॅमस या मेंदूतल्या चौकीतून पुढे जातात. गंधाची वाट मात्र ती चौकी टाळून भावना आणि आठवणी हाताळणाऱ्या भागांजवळ पोचते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ९६ जोडप्यांवर केलेल्या प्रयोगात, जोडीदारानं वापरलेल्या टी-शर्टाचा वास घेतलेल्या स्त्रियांना ताण कमी जाणवला; अनोळखी पुरुषाच्या टी-शर्टानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. तेव्हा असा एखादा कपडा न धुता ठेवावासा वाटला तर त्यात वेडेपणा काही नाही. फक्त तो एकच ठेवा, पूर्ण कोरडा करून हवाबंद पिशवीत घाला. वास तरीही हळूहळू उडणारच, आणि न धुतलेला घाम कापडाला पिवळं करत राहणारच, हे धरून चाला.

बाकीच्या आठवणींसाठी फोटोचा उपाय वरवरचा वाटतो, पण तो तपासलेला आहे. कॅरेन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांच्या २०१७ च्या अभ्यासात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना सत्र संपताना वस्तू दान करायचं आवाहन केलं. काही ठिकाणी साधं आवाहन होतं, तर काही ठिकाणी ‘जिव्हाळ्याच्या वस्तूचा फोटो काढून ठेवा, मग द्या’ असं. साध्या आवाहनानं ५३३ वस्तू आल्या, फोटोच्या आवाहनानं ६१३. फोटो मात्र नीट काढा. कपडा सपाट पसरून खिडकीच्या उजेडात एक पूर्ण फोटो. मग उजेड बाजूनं तिरका पडेल असा एक जवळून, म्हणजे वीण, रफू, ते वेगळ्या रंगाचं बटण दिसतं. खाली दोन ओळी लिहा: कुठला, कधीचा, कुणी दिलेला. या दोन ओळी नसतील तर पाच वर्षांनी तो नुसता एका शर्टाचा फोटो उरतो.

फोटोनंही समाधान होत नसेल तर तुकडा ठेवा. टी-शर्टांची गोधडी करायची असेल तर आधी मागून फ्युजिंग (आधारासाठीचं चिकट अस्तर) इस्त्रीनं चिकटवा आणि मगच चौकोन कापा. टी-शर्टाचं कापड होजिअरीचं असतं. आधाराशिवाय कापलं की कडा गुंडाळतात आणि शिवताना ताणून चौकोनाचा पतंग होतो. छापील चित्रावर थेट इस्त्री फिरवू नका, ते वितळतं.

आता एक गोष्ट, जी सहसा कुणी हिशेबात धरत नाही. कपाटातला कपडा जसाच्या तसा राहत नाही. कमरेचं जुनं इलॅस्टिक ताणून पाहा. कर्रकर्र आवाज आला आणि ते सैलच राहिलं, तर आतलं रबर मेलेलं आहे. नकली लेदरच्या जॅकेटवर बहुधा पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्यानं त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, म्हणून जॅकेट न घालताही काही वर्षांत पोपडे धरतं. सरबताचा किंवा घामाचा न दिसणारा डाग महिन्यामहिन्यानं तपकिरी होतो. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम नेमकं त्याच रेघेवर चिरतं. नुसतं ठेवून दिलेलं कापड जपलं जात नाही. प्रत्येक आवडता कपडा नीट जपायचा तर खटाटोप किती होईल याचा अंदाज घेतला, की यादी आपोआप आखडते.

जे जपायचंच, त्याची रीत अशी. धुऊन पूर्ण वाळवा, स्टार्च करू नका. स्टार्चवर कीड येते. ड्रायक्लीनची प्लॅस्टिक पिशवी काढून टाका, तिच्यात ओल कोंडते. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. विणलेले स्वेटर टांगू नका, खांदे लोंबतात. वर्षातून दोनदा घडी बदला. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर सतत राहिली तर बुरशीची भीती असते. लोकरीत कसरीच्या अळीची शंका असेल तर कपडा पिशवीत बंद करून उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच काम करतात. उघड्या कपाटात त्यांचा उपयोग बेताचाच, आणि त्या प्लॅस्टिकच्या बटणांना चिकटल्या तर बटणं मऊ पडतात.

आवरायचा क्रमही महत्त्वाचा. टॉवेल, मोजे, बनियन आधी. आठवणींचे कपडे सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी. अंगात घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हात वर करा, खाली बसा, वाकून नाडी बांधल्यासारखं करा. ‘बारीक झालो की घालीन’ या सदरातले कपडे इथेच गळतात. संशय असेल ते उलट्या हुकानं टांगा, म्हणजे आकड्याचं तोंड आपल्याकडे. घातला की सरळ लावा. सगळे ऋतू येऊन गेले तरी उलटा राहिलेला हुक खोटं बोलत नाही.

इतकं करूनही साधा कागद टाकतानाही जीव कासावीस होत असेल, खोल्या वापरता येईनाशा झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी. हा साठेबाजीचा विकार म्हणून २०१३ पासून डीएसएम-५ या निदानग्रंथात स्वतंत्रपणे नोंदला आहे. तिथे घरच्यांनी परस्पर पसारा फेकून देणं अनेकदा उलटतं. मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

दुसऱ्याला द्यायचे कपडे धुतलेले, बटणं लावलेले, चेन चालू असलेले असावेत. फाटके ‘पुनर्वापर होईल’ म्हणून त्यात घालू नका. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडे होण्याचं प्रमाण जगात एक टक्क्याहूनही कमी आहे. सूत-पॉलिएस्टर मिसळलेलं असलं की वेगळं करणं अवघड, आणि यंत्रात पिंजलं की धागे आखूड होतात. फाटक्या सुती कपड्यांची फडकी करा. उरलेल्या पिशवीला गाठ मारून ती दोन दिवसांच्या आत घराबाहेर काढा. दाराशी आठवडाभर राहिलेली पिशवी कुणीतरी उघडतंच, आणि तो शर्ट वरच असेल तर नक्की.