मुक्तोत्तरी गणित वर्गात आले कुठून? : पार्श्वभूमी

‘३६ किलो गूळ आहे. त्याचे १०, ५ आणि १ किलोचे रवे करायचे आहेत. किती प्रकारांनी करता येतील?’ कोल्हापूरच्या मुलांना गुळाचा रवा म्हणजे ढेप, हे सांगावे लागत नाही. तिसरीच्या वर्गात ज्याला अजून दशक-एकक नीट जमत नाही, तो एकेक किलोचे ३६ खडे मांडतो. ते उत्तर बरोबरच आहे. दुसरी एक मुलगी ‘कमीत कमी रवे किती?’ हे शोधत पाचावर येते. एखादी तक्ता करते: दहाचा रवा नसेल तर ८ प्रकार, एक असेल तर ६, दोन असतील तर ४, तीन असतील तर २, सगळे मिळून २०. मग बाई विचारतात, ‘एकही सुटला नाही, हे कशावरून?’ प्रश्न एकच, बरोबर उत्तरे अनेक, आणि सगळा वर्ग त्यात गुंतलेला. हेच मुक्तोत्तरी गणित.

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला, तेव्हाच निरनिराळ्या घरांतली मुले एका वर्गात येण्याची वाट मोकळी झाली. गणित मात्र पुढेही बराच काळ पाढे, पावकी, निमकी, दिडकीचेच राहिले. १९९५ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने विषयाचे बारीक तुकडे पाडले. मूल कुठे अडते ते त्यामुळे कळू लागले, पण प्रत्येक तुकड्याला ठरलेले उत्तर होते. जपानमध्ये अनेक उत्तरांच्या प्रश्नांवर १९७१ पासूनच पद्धतशीर काम सुरू झाले होते. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणिताच्या भीतीबद्दल स्पष्ट लिहिले, तरी वर्गातला खरा बदल २०१० नंतरचा.

तो गणिताच्या दारातून आला नाही, मूल्यमापनाच्या दारातून आला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाला, पहिली-दुसरीत ७० टक्के आणि तिसरी-चौथीत ६० टक्के भारांश दिला. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधने शिक्षकांच्या हातात आली. एकाच कृतीतून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद करायची, तर वेगवेगळी उत्तरे निघतील असे प्रश्न हवेतच.

शब्दांचा गोंधळ इथेच सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. ‘मुक्तोत्तरी’ हा शब्द रुळला तो भाषेच्या पेपरात. तिथे त्याचा अर्थ ‘तुला काय वाटते ते लिही’. तोच शब्द गणितात आला तेव्हा शिक्षकांनी रास्त शंका काढली: मग काहीही लिहिले तरी गुण द्यायचे का? गणितात तसे नसते. गुळाच्या प्रश्नात ३५ किलोची मांडणी चूकच. अट पक्की असते, मोकळी असते ती वाट. काहींनी ‘बहुउत्तरी’ म्हणून पाहिले, पण तो ‘बहुपर्यायी’शी गल्लत करतो, आणि बहुपर्यायी म्हणजे नेमके उलटे. तिसरा शब्द ‘उपक्रम’. नोंदवहीत उपक्रम म्हटले की बाजार भरवला, फोटो काढला, झाले. माझ्या मते ‘खुला प्रश्न’ हा साधा शब्द आधीच घेतला असता, तर मागच्या पंधरा वर्षांतली निम्मी वादावादी टळली असती. शब्द चुकला म्हणून कित्येक चांगल्या शिक्षकांनी ही पद्धतच बाजूला ठेवली, याची हळहळ वाटते.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार, गावोगाव नेला. फरशीवर आखलेल्या संख्यारेषा, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे जिल्हा परिषदेच्या शाळांत दिसू लागले. हे मोठे काम होते. पण त्याबरोबरच ‘अप्रगत’ हा शब्दही आला आणि मुले स्तरांप्रमाणे वेगळ्या गटांत बसू लागली. खुल्या प्रश्नाचा गाभाच याच्या विरुद्ध आहे. खडे मांडणारा आणि तक्ता करणारी शेजारी बसली, तरच खडे मांडणाऱ्याला दहाचा गठ्ठा करायचे सुचते.

दुसरा ताण शिष्यवृत्ती परीक्षेचा. ही परीक्षा मध्यंतरी चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती, तरी आपल्या जिल्ह्यात तिची तयारी तितक्याच जिद्दीने होते. एका पेपरात ७५ प्रश्न, ९० मिनिटे, चार पर्याय. त्या घाईत ‘अजून कसे करता येईल?’ असे विचारायला वेळ कुठला? पालकही वहीत बरोबरच्या खुणाच मोजतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेत गणनदोषाचाही (डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि हिशेब समजण्यातली अडचण) समावेश झाला. अशा मुलाला वेगळा सोपा पेपर द्यायचा की त्याच प्रश्नात त्याच्यापुरती जागा करायची, हा प्रश्न त्यामुळे समोर आला. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतच्या संख्याज्ञानाची लक्ष्ये ठरवून दिली आणि शाळा पुन्हा स्तर तपासू लागल्या. जिथे शिक्षकांनी ही तपासणी खुल्या प्रश्नातूनच केली, तिथे खड्यांची मांडणी, गठ्ठे आणि तक्ता हे तिन्ही स्तर एकाच तासात, एकाच फळ्यावर दिसले. त्या फळ्यावर पुढचा प्रश्न लिहायला फक्त एक आकडा पुसावा लागतो: ३६ च्या जागी ४६.