भामटा म्हणजे नुसता चोर नाही हो

"पेन्शनरला भामट्याने गंडा घातला" अशी हेडिंग आपण किती वर्षं वाचतोय, आणि कुणी बोललं की उत्तर ठरलेलं, अरे साधा शब्द आहे, फसवणारा एवढाच अर्थ, कुणाला लागत नाही. लागतो. भामटा हे एका समाजाचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे, कैकाडी, रामोशी, वडार यांच्याबरोबर.

दुसरा गैरसमज म्हणजे "हे लोक जन्मजातच तसले". हे इंग्रजांनी कागदावर आणलं, 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे गुन्हा केला नसला तरी त्या जातीत जन्मला म्हणून नोंद, पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तर कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात, त्याला सेटलमेंट म्हणायचे. 31 ऑगस्ट 1952 ला यातून सुटका झाली म्हणून विमुक्त. पण कायदा गेला, शब्द राहिला ना!

आता विचार करा, जातीच्या दाखल्यावर जे लिहिलंय तेच पेपरात चोर म्हणून छापून येतं, ते पोर वर्गात आपली जात तरी सांगेल का? आणि गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं ही सवय पण याच भाषेतून येते, एकदा माणसाला जात म्हणूनच चोर ठरवलं की मग पुरावा कोण मागतो, मारलं तरी कुणाला काही वाटत नाही.

ठग लिहा, लुच्चा लिहा, फसवणारा लिहा. शब्द कमी नाहीत आपल्याकडे.