मागच्या लॉटला चाललं होतं

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडमध्ये पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन शतांश मिलिमीटरनं मोठा निघाला, की क्वालिटीवाल्यापुढे दोनच वाटा उरतात : लाल टॅग लावून माल नाकारायचा, नाहीतर डेव्हिएशनवर, म्हणजे मापात नसलेला माल चालवून घेण्याच्या परवानगीवर, साहेबांची सही घ्यायची. सहीसाठी एकच वाक्य पुरतं, ‘मागच्या लॉटला चाललं होतं.’ भारतीयांना अवकाशात नेणाऱ्या गगनयानाची तयारी चालू असताना हे वाक्य आठवतं, कारण माणसं नेणाऱ्या यानांचे बरेचसे अपघात त्याच्याच आसपास घडलेत.

२७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेचं अपोलो १ चाचणी चालू असताना जमिनीवरच जळालं, आतले तिघे अंतराळवीर गेले. आत शुद्ध ऑक्सिजन, दार आतल्या बाजूला उघडणारं. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं म्हणून ती चाचणी धोकादायक धरलीच नव्हती!

अपोलो १३ ची गोष्ट तर थेट आपल्या शॉपफ्लोअरची. ऑक्सिजनच्या टाकीतला हीटर जमिनीवर ६५ व्होल्टवर चालवायचा, असा बदल स्पेसिफिकेशनमध्ये झाला. टाकी तापली की हीटर बंद करणारा स्विच, म्हणजे थर्मोस्टॅट, मात्र २८ व्होल्टचाच राहिला. म्हणजे ड्रॉइंग बदललं, पार्ट जुनाच. मार्च १९७० मध्ये टाकी रिकामी होईना, म्हणून आतला ऑक्सिजन उडून जावा यासाठी हीटर तासन्‌तास चालू ठेवला. थर्मोस्टॅट चिकटून बसला. आतलं तापमान कित्येकशे अंशांवर गेलं असावं, पण मीटरची पट्टीच ८० फॅरनहाइटला संपत होती. बघणाऱ्याला दिसलं ८०, म्हणजे सगळं ठीक. तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण जळालं ते तेव्हाच. टाकी फुटली एप्रिलमध्ये, चंद्राच्या वाटेवर. तिघे परत आले, हे नशीब आणि डोकं दोन्हींचं.

अमेरिकेच्या चॅलेंजरसारख्या स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटांमधल्या ओ-रिंगा, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, १९८१ पासून झिजलेल्या सापडत होत्या. दर वेळी यान सुखरूप उतरलं आणि झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, एवढ्या थंडीत उडवू नका, असं इंजिनिअर सांगत होते. डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना असं बोलणाऱ्याचं काय होतं, ते वाळूजवाल्याला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर फुटलं, सात जण गेले. २००३ मध्ये कोलंबिया, कल्पना चावलांसह सात. या वेळी कारण इंधनटाकीवरून निखळलेला फोमचा तुकडा; तोही आधी अनेकदा निखळला होता.

२१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात गगनयानाचं पहिलं चाचणी-यान उडणार होतं. पाच सेकंद उरले असताना संगणकानंच ते थांबवलं. टीव्हीपुढे बसलेले हळहळले. दोष शोधून, दुरुस्त करून दहा वाजता उड्डाण झालं. त्या यानात माणूस कोणी नव्हता.