दूरचित्रवाणी पत्रकार-निर्माता (ठाणे व नवी मुंबई)

घटनास्थळी जाऊन बातमी आणणारा तो बातमीदार. ती बातमी कधी, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने दाखवायची हे ठरवणारा तो निर्माता, म्हणजे बोलीभाषेत ‘बुलेटिन प्रोड्युसर’. मराठी वृत्तवाहिन्यांत बरेच जण बूम (वाहिनीचा माइक) हातात घेऊन सुरुवात करतात आणि काही वर्षांनी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात बसतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथल्या बातम्यांच्या वेळा ठरलेल्या असत. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आताची ‘एबीपी माझा’) आल्या, पुढच्या वर्षी ‘आयबीएन लोकमत’ आली, आणि दिवसभर पडदा भरण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे लागू लागली. नवी मुंबईत ‘साम’ वृत्तवाहिनीचे कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. इतर बहुतेक वाहिन्यांचे स्टुडिओ मुंबईत असल्याने ठाण्याचा प्रतिनिधी सहसा डेस्कशी (वाहिनीच्या संपादन विभागाशी) फोनवरूनच बोलतो.

ठाणे-नवी मुंबईचा हा पट्टा शिकाऊ माणसाला पटकन तयार करते. पहाटे वाशीच्या एपीएमसीत (बाजार समितीत) कांद्याची आवक आणि भाव, दुपारी कोकण भवनातली सरकारी कार्यालये किंवा नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ, संध्याकाळी घोडबंदर रोडवरची कोंडी, पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी. स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या स्थानिक बातमीदाराला, बहुधा बातमीमागे मानधन मिळते आणि कॅमेराही त्यालाच सांभाळावा लागतो. एवढ्या कामाला हे मानधन फार तोकडे आहे.

थेट प्रक्षेपणासाठी पूर्वी ओबी व्हॅन (उपग्रहामार्फत चित्र पाठवणारी गाडी) लागे, तिला मोकळे आकाश आणि उभे राहायला जागा हवी. मुंब्र्याच्या गल्ल्यांत दोन्ही मिळणे कठीण. आता पाठीवरच्या बॅगेतले यंत्र अनेक सिमकार्डांचे नेटवर्क एकत्र करून चित्र पाठवते. अँकरचा प्रश्न बातमीदाराच्या कानात काही क्षण उशिरा पोहोचतो, म्हणून अनुभवी निर्माता टॉकबॅकवरून (नियंत्रण कक्षातून बातमीदाराच्या कानाशी जोडलेल्या आवाजाच्या लाइनवरून) त्याला प्रश्न आधीच सांगून ठेवतो.

निर्मात्याची खरी कसोटी लागते ती दुर्घटनेत. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यातल्या शीळ भागातल्या लकी कंपाउंडमधली बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. मृतांचा आकडा वाढत वाढत ७४ वर गेला. अशा वेळी पालिकेचा आपत्ती कक्ष, पोलीस आणि रुग्णालय यांचे आकडे एकाच तासात वेगवेगळे येतात. टिकरवर (पडद्याखालच्या सरकत्या पट्टीवर) सर्वांत मोठा आकडा चालवण्याचा मोह असतो. चांगला निर्माता आकडा कोणाचा आहे हे सांगूनच तो चालवतो, आणि ढिगाऱ्याबाहेर थांबलेल्या नातेवाइकाची बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घ्यायला बातमीदाराला भाग पाडत नाही. ज्याने स्वतः अशा ढिगाऱ्याजवळ रात्र काढली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून फील्ड, म्हणजे घटनास्थळची बातमीदारी, न करता थेट डेस्कवर आलेल्या निर्मात्याची तयारी अपुरी मानायला हवी.

या पदापुढे आउटपुट प्रमुख (पडद्यावर काय जाते याची जबाबदारी असलेला) आणि कार्यकारी निर्माता ही पदे येतात.