रेकॉर्डच्या खाचेतली घाण आणि ती बाहेर काढण्याचे शास्त्र

एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या, एका बाजूला वीस मिनिटांचे संगीत असेल, तर तेवढ्या वेळात सुई चारशे मीटरहून अधिक लांबीच्या एकाच सलग खाचेतून फिरते. ही खाच वरच्या कडेला साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी असते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ हा वेग २० सेंटिमीटरच्या आसपास येतो. तिथे १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक पूर्ण लहर सुमारे २० मायक्रोमीटर लांबीत कोरलेली असते. घरातल्या धुळीचा बारीक कणही सहज तेवढा भरतो. सुईच्या दृष्टीने तो कण आणि कोरलेला स्वर यांत फरक नसतो, आणि म्हणूनच आपल्याला ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

आवाजापेक्षा गंभीर गोष्ट दाबाची आहे. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच असतो, पण तो इतक्या सूक्ष्म जागेवर एकवटतो की तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला शेकडो ते हजारो किलोग्रॅम होतो. त्या दाबाखाली सापडलेला वाळूसारखा कठीण कण विनाइलच्या, म्हणजे रेकॉर्डच्या प्लास्टिकच्या, भिंतीत रुततो आणि कायमचा व्रण ठेवतो. पुढे कण निघाला तरी व्रण राहतोच. त्यामुळे जुनी रेकॉर्ड हाती आल्यावर ‘आधी वाजवून बघू, मग पुसू’ हा क्रम सपशेल चुकीचा आहे.

पाण्याला हात लावण्यापूर्वी मात्र रेकॉर्ड कशाची आहे हे ओळखायला हवे. कोलंबिया कंपनीने १९४८ साली एलपी बाजारात आणल्यानंतर विनाइलचा काळ सुरू झाला. पण त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जवळजवळ नेहमीच लाखेच्या असत, आणि भारतात त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या ज्या मूळ तबकड्या अनेक मराठी घरांत जपून ठेवलेल्या आहेत, त्या याच जातीच्या. त्यांत लाख थोडी आणि दगडाची पूड, काजळी व कापसाचे तंतू जास्त असतात. लाख या सगळ्याला बांधून ठेवते. फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवतो, त्याच गुणधर्मामुळे स्पिरिटचा बोळा लाखेच्या तबकडीवर फिरवला की खाचेचा पृष्ठभागच निघून येतो. त्यावर उपाय नाही. विनाइल हे व्हिनाइल क्लोराइड आणि थोड्या व्हिनाइल ॲसिटेटचे सहबहुवारिक, म्हणजे दोन्हींचे रेणू एका साखळीत गुंफलेले प्लास्टिक, आहे. पाण्यात मिसळलेले थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याला अल्पकाळ चालते, पण ॲसिटोन किंवा थिनर अजिबात चालत नाही.

कोरड्या फडक्याने रेकॉर्ड पुसणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी उपयोगाची पद्धत आहे. विनाइल विजेचे उत्तम रोधक आहे आणि घर्षणाने त्यावर ऋण प्रभार साठतो. तो वाहून जायला वाट नसल्यामुळे पुसून झालेली रेकॉर्ड आसपासची धूळ पुन्हा ओढून घेते. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हा त्रास ठळक जाणवतो, तर कोकणात पावसाळी दमटपणामुळे प्रभार टिकत नाही. तिथे बुरशीचे संकट मोठे. वरवरच्या धुळीसाठी कार्बन तंतूंचा ब्रश चांगला, कारण त्याचे तंतू वीजवाहक असतात आणि प्रभाराला हातामार्फत निघून जायला वाट मिळते.

बोटांचा तेलकटपणा आणि वर्षानुवर्षांचा थर मात्र ओल्या सफाईशिवाय निघत नाही. नुसते पाणी रेकॉर्डवर टाकून नीट पाहिले, तर ते पसरत नाही, थेंब गोल होऊन उभे राहतात. पाण्याचे पृष्ठताण जास्त, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, असल्यामुळे ते इतक्या अरुंद खाचेच्या तळापर्यंत सहज उतरत नाही. त्यात आयनरहित (ज्याचे रेणू पाण्यात विद्युतभारित होत नाहीत अशा) प्रकारच्या डिटर्जंटचे मोजके थेंब टाकले की पृष्ठताण निम्म्याहून खाली येते, थेंब मोडतात आणि पातळ सलग थर पसरतो. हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो, आणि मिश्रण पुरेसे झाले की नाही याची तीच खूण. भांडी घासण्याचा द्रव टाळावा, कारण त्यातले रंग आणि सुगंधी द्रव्ये खाचेतच राहतात. नळाचे, विशेषतः बोअरचे, पाणीही नको: ते वाळल्यावर त्यातल्या कॅल्शियमच्या क्षारांचे कण मागे उरतात. गाड्यांच्या बॅटरीसाठी मिळणारे क्षाररहित पाणी उपयोगी पडते. मात्र ते पाणीच आहे, बॅटरीचे आम्ल नव्हे, याची बाटली पाहून खात्री करावी.

लेबलाचा कागद भिजू न देता, मऊ आणि बारीक तंतूंचा ब्रश खाचेच्या दिशेने गोलाकार फिरवावा. आडवा कधीही फिरवू नये. इथपर्यंत बहुतेक जण नीट करतात आणि मग रेकॉर्ड तशीच वाळायला ठेवतात. खरी चूक इथे होते. डिटर्जंटने घाण सुटी होते, नाहीशी होत नाही. पाणी उडून गेले की तीच घाण, शिवाय डिटर्जंटचा अंश, खाचेच्या तळाशी पुन्हा जमतो. सफाईच्या महागड्या यंत्रांत निर्वात शोषणाची सोय असते ती याचसाठी. घरी दोन वेळा स्वच्छ क्षाररहित पाण्याने धुवून, दर वेळी ओलावा मायक्रोफायबरच्या कोऱ्या कापडाने दाबून टिपून घेतला तर बराचसा तोच परिणाम मिळतो. लाखेच्या तबकडीलाही हीच पद्धत चालते, फक्त अल्कोहोल वर्ज्य. पाणी थंड आणि कमीत कमी वेळ असावे, आणि तबकडीला तडा असेल तर ओली सफाई करूच नये, कारण तड्यातून पाणी शिरून आतले तंतू फुगतात.

सुतारकामाचा पांढरा गोंद रेकॉर्डवर ओतून, वाळल्यावर त्याचा पापुद्रा सोलून काढण्याची युक्ती काही संग्राहक वापरतात. तो पापुद्रा विनाइलला चिकटत नाही आणि खाचेतले कण सोबत उचलतो, हे खरे आहे. तरीही थर पातळ पडला की पापुद्र्याचे तुकडे खाचेत अडकतात, म्हणून दुर्मीळ रेकॉर्डवर मी ही पद्धत सुचवणार नाही. लाखेवर तर नक्कीच नाही.

बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर मास्क लावून, घराबाहेर आणि वेगळ्या ब्रशने काम करावे. विनाइलवर बुरशी जगते ती मुख्यतः धूळ आणि बोटांच्या तेलावर. पण कव्हरचा कागद हे तिचे थेट अन्न आहे. स्वच्छ रेकॉर्ड बुरशी लागलेल्या कव्हरात परत घातली तर सगळे श्रम वाया जातात.

कव्हरला पाणी नको. स्वस्त कागदातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य प्रकाश आणि हवेमुळे पिवळे पडते, कागदातले आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाच्या तंतूंच्या मूळ द्रव्याच्या, साखळ्या तोडते, आणि ही हानी घरी उलटवता येत नाही. फक्त तिचा वेग कमी करता येतो. उसवलेली कड चिकटपट्टीने जोडू नये, कारण पट्टीतला डिंक तपकिरी होऊन कागदात झिरपतो. आतल्या बाजूने पातळ, मजबूत कागदाची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावावी. ही खळ पुढे कधी पाण्याने सोडवता येते. तिला कसर लागू नये म्हणून बांधणीकार पूर्वी मोरचूद घालत, पण त्यातले तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते, तेव्हा ते टाळून खळ अगदी पातळ लावलेली बरी. बाहेरचे पारदर्शक आवरण पीव्हीसीचे नसावे, कारण त्यातली मृदुकारक (प्लास्टिक मऊ ठेवणारी) द्रव्ये कालांतराने बाहेर येऊन रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन घ्यावे. आतल्या मूळ कागदी पाकिटावर गीतकार-वादकांची माहिती छापलेली असेल तर ते फेकू नये: रेकॉर्ड नव्या पाकिटात घालावी आणि जुने कव्हरच्या आत, तिच्या मागे ठेवावे. रेकॉर्ड उभ्याच रचाव्यात, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नव्हे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून वास घ्यावा. कुबट वास आला की ठिपके दिसायची वाट न पाहता सगळी कव्हरे बाहेर काढून कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवावीत.